साइटवरचा ‘प्लम’ आणि नळाचा ‘प्लंबर’ : शब्द एकच कसा?

सरळभिंत

मी बांधकामाच्या साइटवर काम करते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतची भिंत चढत होती. सुपरवायझर खालून ओरडला, "प्लम बघून घ्या रे, मग पुढचा थर!" वरच्या गवंडीकाकांनी पिशवीतून ओळंबा काढला. तेवढ्यात बाथरूमची लाइन टाकायला आलेला प्लंबर मला विचारायला लागला, "मॅडम, पाइप कुठून न्यायचा?" प्लम आणि प्लंबर हे दोन शब्द पाठोपाठ कानावर पडले आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. एकाचा संबंध भिंत उभी सरळ आहे की नाही याच्याशी, दुसऱ्याचा नळाशी. इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन्हीकडे तेच. हे कसं?

आठवडाभर मिळेल ते वाचलं. जे हाती लागलं ते इथे मांडते, म्हणजे जाणकार भर घालतील.

आधी ओळंब्याबद्दल, कारण अनेकांनी तो लांबूनच पाहिलेला असतो. माझे बाबा गवंडी. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन कामावर जायचे, तेव्हा मला एकच काम मिळायचं : झुलणारा गोळा बोटाने हलकेच थांबवायचा. ओळंब्याचे भाग तीन. खाली जड गोळा, मधे दोरी, आणि वर एक गुटका, ज्याच्या बरोबर मध्यातून दोरी जाते. सगळी करामत त्या गुटक्यात आहे. गुटक्याची रुंदी आणि गोळ्याचा व्यास तंतोतंत सारखा असतो. गुटका वरच्या थराला टेकवायचा, दोरी सोडत गोळा खाली न्यायचा आणि तो थांबायची वाट बघायची. गोळा भिंतीला नुसता शिवून राहिला, तर भिंत ओळंब्यात. गोळा भिंतीपासून दूर लटकला, तर भिंत वरून बाहेर झुकली आहे. आणि गोळा भिंतीला रेलून बसला, तर भिंत मागे कलली आहे किंवा तिचं पोट पुढे आलं आहे. बाबा गोळा आणि भिंत यांच्यामधून कागद सरकवून बघायचे. कागद सरकायला हवा, पण अडत अडत.

आता शब्द. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्लोम’ आला आणि साधारण १३०० च्या आसपास तो इंग्रजीत ‘प्लंब’ म्हणून दाखल झाला. अर्थ होता दोरीच्या टोकाला बांधलेला शिशाचा गोळा. म्हणजे अवजाराचं नाव त्याच्या कामावरून पडलं नाही, ते पडलं धातूवरून. पुढे त्या गोळ्याने तपासलेली भिंतही ‘प्लंब’ झाली, म्हणजे उभ्या रेषेत असलेली. नाम होतं त्याचं विशेषण झालं, क्रियापद झालं.

आणि प्लंबर? तो मुळात शिशाचं काम करणारा कारागीर, लॅटिनमध्ये ‘प्लंबारिउस’. रोमन लोक शिशाचे पत्रे ओतायचे, ते गोल वळवून सांधा डाखायचे आणि त्यांचे नळ करायचे. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्लंबर छपरावरच जास्त दिसायचा, कारण मोठमोठ्या चर्चची छपरं शिशाच्या पत्र्याने मढवलेली असत. पन्हळी, खिडक्यांच्या काचांमधल्या पट्ट्या, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे शिसं आणि म्हणून सगळीकडे प्लंबर. लंडनच्या प्लंबरांच्या संघाचे नियम १३६५ सालचे आहेत आणि १६११ मध्ये त्यांना राजाची सनद मिळाली. पुढे घराघरांत नळ आले, तेही शिशाचेच. म्हणून नळवाला तो प्लंबर. आज तो पीव्हीसीचा पाइप जोडतो, हाताला शिसं लागतही नाही, पण नाव तेच राहिलं.

म्हणजे माझ्या साइटवरचा प्लम आणि प्लंबर खरोखरच सख्खे भाऊ निघाले.

मला जास्त भावलं ते पुढचं. आपला ओळंबा संस्कृत ‘अवलंब’ वरून आला, म्हणजे खाली लटकणं. आपण त्या वस्तूला ती काय करते यावरून नाव दिलं, इंग्रजांनी ती कशाची आहे यावरून. यावर कुणाला अजून काही माहीत असेल तर जरूर लिहा.

कोवळं_ऊन

धागा आवडला. गुटका आणि गोळ्याची रुंदी सारखी असते हे आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं की नुसती दोरी बघून अंदाज घेतात.

एक प्रश्न. इंग्रजीत प्लंबरमधला ब उच्चारत नाहीत, ‘प्लमर’ म्हणतात. मग तो लिहितात कशाला?

सरळभिंत

@कोवळं_ऊन, इंग्रजीत शब्दाच्या शेवटी म नंतर येणारा ब उच्चारातून गळाला. लॅम, कोम, क्लाइम, डम हे सगळे तसेच. मध्ययुगीन इंग्रजीत आपला हा शब्दही ब शिवाय लिहिलेला सापडतो. पुढे लॅटिन जाणणाऱ्यांनी मूळ प्लंबमकडे बघून ब परत लिहायला सुरुवात केली, पण जिभेने तो परत घेतला नाही. प्लमर हे इंग्रजी आडनाव बहुतांशी याच धंद्यावरून आलेलं, त्यात मात्र ब कधी शिरला नाही. अंगठ्याच्या ‘थम’ मधला ब तर मुळात नव्हताच, इतरांच्या देखादेखी तो मागाहून चिकटला.

आपण मराठीत ‘प्लंबर’ म्हणताना ब स्पष्ट उच्चारतो. रोमन माणूस म्हणायचा तसाच. मला तो उच्चार चुकीचा म्हणायचं धाडस होत नाही.

तिसरा_प्रहर

छान विषय. थोडी भर.

प्लंबम हा शब्द लॅटिनचा स्वतःचा नसावा असंच बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीकमध्ये शिशाला ‘मोलिब्डोस’. क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या मृत्तिकापट्टीवर, म्हणजे इसवी सनापूर्वी हजाराहून जास्त वर्षं, तोच शब्द ‘मो-रि-वो-दो’ असा लिहिलेला आहे. दोन्ही भाषांनी तो भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या कुठल्यातरी जुन्या भाषेतून उचलला असणार. धातूचा व्यापार जिथून आला, तिथूनच नावही आलं. या मोलिब्डोसवरून पुढे मॉलिब्डेनम या मूलद्रव्याचं नाव पडलं, कारण त्याचं खनिज शिशासारखं दिसायचं आणि लोक गल्लत करायचे.

रोमन लोक कथलालाही प्लंबमच म्हणत. शिसं म्हणजे काळं प्लंबम आणि कथील म्हणजे पांढरं प्लंबम.

आता गंमत बघा. इंग्रजांनी अवजाराला धातूचं नाव दिलं हे खरं, पण ज्या रोमनांकडून त्यांनी तो शब्द घेतला, ते स्वतः ओळंब्याला प्लंबम म्हणत नसत. त्यांचा शब्द होता ‘पर्पेंडिक्युलम’. त्यातला ‘पेंडेरे’ म्हणजे लटकणं. म्हणजे रोमन गवंडी याबाबतीत आपल्या बाजूचे. भूमितीतला पर्पेंडिक्युलर हा शब्द थेट ओळंब्यातून आलेला आहे.

या पर्पेंडिक्युलमची, सिसेरो या रोमन वक्त्याने सांगितलेली एक हकिकत आहे. वेरेस नावाचा अधिकारी रोममध्ये होता. इसवी सनापूर्वी ७४ मध्ये कॅस्टरच्या मंदिराच्या देखभालीचं काम तपासायची जबाबदारी त्याच्याकडे आली. ठेकेदार वारला होता, वारस अल्पवयीन मुलगा. वेरेस मंदिर बघायला गेला तर सगळं ठाकठीक. पैसे कशात काढायचे? तेव्हा सोबतच्या एकाने सुचवलं, इथे खोट काढण्यासारखं काहीच नाही, फक्त खांब ओळंब्यात हवेत असं म्हणा. वेरेसला ओळंबा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्याला समजावून सांगण्यात आलं की जगातला जवळजवळ कुठलाच खांब ओळंब्याला शंभर टक्के उतरत नाही. मग काय, खांब नव्याने उभारायचे ठरले आणि ५,६०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) एवढ्या रकमेला काम दिलं गेलं. प्रत्यक्षात काही खांब उतरवून तेच दगड पुन्हा रचले, तर काहींना नुसता नवा गिलावा केला.

कुठलंच बांधकाम तंतोतंत ओळंब्यात नसतं. म्हणून तर किती फरक चालेल ते आधी ठरवावं लागतं. हे न ठरवता कुणी ओळंबा लावायला लागला की खुशाल समजावं, त्याची नजर भिंतीवर नाही.

सरळभिंत

@तिसरा_प्रहर, फार मोलाची भर. वेरेसची हकिकत वाचून अंगावर काटा आला. अशी तपासणी मी डोळ्यांनी बघितली आहे. बाबांनी बांधलेल्या एका कुंपणभिंतीचं बिल असंच अडवून धरलं होतं. भिंत आजही जागेवर उभी आहे.

दर्यावर्दी७२

मी तेहतीस वर्षं जहाजावर काढली. ओळंब्याचा एक भाऊ समुद्रातही आहे, त्याचं कुणी नाव काढलं नाही म्हणून लिहितो.

यांत्रिक साधनं येण्यापूर्वी पाण्याची खोली मोजायला दोरीला शिशाचं वजन बांधून ते खाली सोडत. दोरीवर ठराविक अंतराने कातड्याच्या आणि कापडाच्या खुणा बांधलेल्या असत. अंधारात बोटांनी चाचपून किती दोरी गेली ते कळावं म्हणून प्रत्येक खूण वेगळ्या जातीची. वजनाच्या बुडाला एक खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वजन तळाला टेकलं की चरबीला वाळू, चिखल नाहीतर शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. जुने नाखवे तो चुरा बघून आपण कुठे आहोत ते सांगत.

इंग्रजीत एखाद्या गोष्टीचा ठाव घेणे याला ‘प्लंब’ करणे म्हणतात, ते इथून आलं. ‘प्लंज’ म्हणजे बुडी मारणे, तेही प्लंबमचंच नातवंड, शिसं पाण्यात सोडण्यावरून. ‘प्लमेट’ म्हणजे मुळात शिशाचा छोटा गोळा. आज शेअर बाजाराच्या बातम्यांत भाव कोसळले की हा शब्द वापरतात, पण कोसळणे हा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला. त्याआधी कितीतरी शतकं तो बिचारा नुसता गोळाच होता.

मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत खोली मोजणारा माणूस दोन फॅदम पाणी लागलं की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी द्यायचा. दोन फॅदम म्हणजे १२ फूट, बोटीला निर्धास्त जाण्यापुरतं पाणी. सॅम्युएल क्लेमेन्स त्या नदीवर आगबोटींचा पायलट होता. लेखक झाल्यावर त्याने तीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली.

रसिका_मि

मग प्लम फळसुद्धा यातलंच का? त्याचा रंग थोडा शिशासारखा असतो म्हणून विचारते.

तिसरा_प्रहर

नाही. फळाचा प्लम लॅटिन ‘प्रुनम’ वरून आला. सुकवलेल्या प्लमला प्रून म्हणतात, त्यात मूळचा र अजून शिल्लक आहे. पिसाचा ‘प्लूम’ हाही वेगळा, तो ‘प्लुमा’ वरून.

अढळपद

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. संस्कृतात ‘प्रलंब’ हा शब्द आहे. अर्थ : खाली लोंबणारा. प्रलंब आणि प्लंब यांत फक्त र आणि ल चा फरक आहे, आणि र-ल यांची अदलाबदल भाषांमध्ये सर्रास होते. अर्थही तोच, दोरीला लोंबणारी वस्तू. मग इंग्रजी प्लंब हा आपल्या प्रलंबावरूनच गेला असे का म्हणू नये? आपले शब्द जगभर गेले आहेत, हे सांगायला आपण उगाच कचरतो.

सरळभिंत

@अढळपद, पहिल्यांदा हे साम्य माझ्याही लक्षात आलं होतं आणि क्षणभर आनंदही झाला होता. म्हणूनच यावर नीट लिहावंसं वाटतं.

शब्दाच्या आयुष्यात कुठला अर्थ आधी आला ते बघावं लागतं. प्लंब जर प्रलंबवरून गेला असता, तर लोंबण्याचा अर्थ सगळ्यात जुना असता आणि धातूचा अर्थ नंतर आला असता. इथे उलट आहे. लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे धातूच, मुख्यतः शिसं. नळाचं शिसं, छपराचं शिसं, गोफणीतून मारायच्या गोळ्यांचं शिसं. त्यातलं काहीच लोंबत नाही. लोंबण्याशी त्याचा संबंध फक्त ओळंब्यापुरता आला, आणि रोमन लोक तर ओळंब्याला वेगळ्याच नावाने ओळखत, ते वर आलंच आहे. शिवाय शब्द भारतातून तिकडे गेला म्हणावं, तर शिशाला आपल्याकडे प्रलंब कुणीच म्हटलेलं नाही. आपलं शिसं ‘सीस’ वरून आलं, वैद्यकात त्याला नागही म्हणतात.

आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. नातं जुळवायला मधली माणसं दाखवावी लागतात. प्लंबची मधली माणसं फ्रेंचमध्ये, मध्ययुगीन इंग्रजीत, हिशेबाच्या कागदांत आणि आडनावांत सापडतात.

आपल्या शब्दाला मोठेपणासाठी इंग्रजीचा बाप व्हायची गरज नाही. ओळंबा आपल्या पायांवर उभा आहे.

अढळपद

अर्थांचा क्रम बघायचा हा मुद्दा पटला. मी फक्त ध्वनी बघत होतो. मत मागे घेतो.

वामनाख्यान

@अढळपद, हिरमुसू नका, तुम्ही ‘लंब’ आणलात ते फार बरं केलंत. त्या धातूचं (म्हणजे क्रियापदाच्या मुळाचं) घराणं आपल्या रोजच्या बोलण्यात किती पसरलं आहे बघा. लंब म्हणजे लटकणे. त्यावरून भूमितीतला लंब, लंबक, अवलंब आणि त्याचा ओळंबा, विलंब, आपलं साधं ‘लांब’ सुद्धा.

आता शेजारी लॅटिन ठेवा. ‘पेंडेरे’ म्हणजे लटकणे. त्यावरून पर्पेंडिक्युलर, पेंड्युलम, डिपेंड, पेंडिंग. डिपेंड म्हणजे शब्दशः खाली लटकणे, आणि आपण काय म्हणतो? ‘अवलंबून’ असणे. पेंडिंग म्हणजे लटकलेलं काम, आपला विलंब. मुळं वेगळी, भाषा वेगळ्या, पण टांगलेल्या वस्तूकडे बघून दोन्हीकडच्या माणसांना तेच सुचलं. कुणी कुणाचं उचललेलं नाही, म्हणून मला हे जास्त थोर वाटतं.

आणि सरळभिंत, तुमच्यासाठी एक भेट. आर्यभटाने आपल्या ग्रंथातल्या गणितपादात (इ.स. ४९९) एका ओळीत सांगितलं आहे : ‘साध्या जलेन समभूरध ऊर्ध्वं लम्बकेनैव’. सपाट जमीन पाण्याने साधावी, उभी रेषा लंबकानेच. म्हणजे पाणसळ आणि ओळंबा! तुमच्या बाबांच्या पिशवीतली दोन्ही अवजारं.

सरळभिंत

@वामनाख्यान, ही ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. पाणसळ या नावातच पाणी आहे, हेही आत्ता जाणवलं. बाबांच्या पिशवीत खरंच ओळंबा, पाणसळ, गुण्या आणि थापी एवढंच असायचं.

लोडगीटर_शेजारी

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे प्लंबरला ‘लोडगीटर’ म्हणतात, म्हणजे शिसं ओतणारा. ‘लोड’ म्हणजे शिसं, इंग्रजीतल्या ‘लेड’ चा भाऊ. आणि उभ्या सरळ रेषेला ‘लोडरेख्त’, म्हणजे शिशासारखी सरळ. जर्मनमध्येही ओळंबा म्हणजे ‘लोट’. म्हणजे या लोकांनी लॅटिन शब्द न घेता स्वतःच्या शिशावरून तेच दोन्ही अर्थ तयार केले. गेल्या महिन्यात माझ्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या लोडगीटरला मी हे विचारलं. त्याने थांबून शब्द दोनदा उच्चारला आणि म्हणाला, वीस वर्षं झाली या धंद्यात, कधी असं तोडून बघितलंच नव्हतं.

नकाशा_वाचक

ओळंबा नेहमी पृथ्वीच्या पोटाकडे सरळ दाखवतो असं आपण धरून चालतो. डोंगर जवळ असला तर तो डोंगराकडे किंचित ओढला जातो. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञाने हे मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली गेली.

आपल्याकडे त्याहून मोठी गोष्ट घडली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर (सिरोंजजवळ) आणि कलियाना (मुझफ्फरनगरजवळ) या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर दोन पद्धतींनी काढलं. एकदा जमिनीवर मापून, एकदा ताऱ्यांवरून. फरक आला ५.२३६ सेकंद (वेळेचे नव्हे, कोनाचे), जमिनीवर साधारण १६० मीटर. ताऱ्यांवरून मोजताना उपकरण ओळंब्यानेच उभं करतात, आणि कलियानाचा ओळंबा हिमालयाकडे खेचला जात होता. १८५५ मध्ये कोलकात्याचे आर्चडीकन (चर्चमधले अधिकारी) प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानावरून गणित केलं, तर ओढ यायला हवी होती १५.८८५ सेकंद, म्हणजे मोजलेल्या फरकाच्या तिप्पट! हिमालय दिसतो तेवढा जड नाही की काय? त्याचं उत्तर शोधताना कळलं की पर्वताखाली हलक्या खडकांची खोल मुळं असतात आणि पर्वत त्यावर तरंगल्यासारखे उभे असतात. पृथ्वीच्या कवचाबद्दलची एवढी मोठी कल्पना दोरीला बांधलेल्या एका वजनाच्या चुकीतून निघाली.

कोवळं_ऊन

भरतनाट्यम शिकवणारी माझी मैत्रीण बॅलेही शिकली आहे. तिच्याकडून ऐकलेलं : बॅलेत शरीराचा तोल एका उभ्या रेषेत राखणे याला ‘अप्लोम’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘आ प्लोम’, म्हणजे ओळंब्यात. इंग्रजीत तोच शब्द ठामपणा, न डगमगणं या अर्थाने वापरतात. ओळंब्यात असलेला माणूस! मराठीत एखाद्याला ‘सरळ माणूस’ म्हणतो तेव्हा आपणही मनातल्या मनात ओळंबाच लावत असतो ना?

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवते. शिशाचं चिन्ह ‘पीबी’ का, हे मुलं दरवर्षी विचारतात. आता प्लंबमबरोबर ओळंब्याचीही गोष्ट सांगेन.

एक गोष्ट राहिली. शिसपेन्सिल! तिच्यात शिसं अजिबात नसतं, ग्राफाइट असतं. इंग्लंडमधल्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं तेव्हा लोकांना ते काळं शिसंच वाटलं. त्याला प्लंबॅगो असंही नाव पडलं. तो कार्बन आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, पण तोवर नाव रुळलं होतं. इंग्रजीतली ती चूक मराठीने जशीच्या तशी घेतली आणि आपली मुलं अजून ‘पेन्सिलीचं शिस तुटलं’ म्हणतात. चित्रक या औषधी वनस्पतीचं शास्त्रीय नावही प्लंबॅगो आहे.

ओळंब्याला शिसंच का? त्याची घनता ११.३४, लोखंडाची ७.८७. म्हणजे तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा लहान होतो आणि वाऱ्याने कमी हलतो. शिवाय ते ३२७ अंशांवर वितळतं, साध्या चुलीवरही ओतता येतं. सरळभिंत, बाबांचा ओळंबा कशाचा आहे? बघायचं असेल तर सोपं आहे. काट्यावर वजन करा, मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. ग्रॅमला मिलिलिटरने भागा.

सरळभिंत

@प्रयोगवही, काल रविवारी घरी गेले होते, तेव्हा करून बघितलं. बाबांनी ओळंबा अजून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. वरचा पिवळा रंग केव्हाच उडाला, टोक थोडं बोथट झालंय, आणि दोरी नवी आहे. जुनी दोरी ते दर पावसाळ्यानंतर बदलायचे, पीळ सुटत राहिला की गोळा फिरतो म्हणून. गच्चीवर वारा असला की ते गोळा पाण्याच्या बादलीत बुडता ठेवायचे, म्हणजे तो लवकर थांबतो. हे मी पार विसरले होते, त्यांनी बोलता बोलता सांगितलं.

दोरी सोडून नुसता गोळा आईच्या किचनमधल्या काट्यावर ठेवला : ४६० ग्रॅम. मग तांब्यात काठोकाठ पाणी भरून, तांब्या परातीत ठेवून, गोळा हळूच आत सोडला. परातीतलं पाणी औषधाच्या मापाने मोजलं : ५८ मिलिलिटर. भागाकार ७.९. लोखंडच.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. मी सांगितलं की इंग्रजीत याचं नाव शिशावरून पडलंय, आणि तुमचा तर लोखंडाचा निघाला. त्यांनी गोळा हातात घेतला, पुसला, आणि म्हणाले, "आजोबांचा दगडाचा होता. भोक पाडून दोरी ओवलेला. तोही ओळंबाच."